मुलाच्या बुद्ध्यांकाचे दोन रिपोर्ट: एकात १०९, दुसऱ्यात ८८. हा काटा तपासतं कोण?

लालबागची_सुनंदा (मंगळवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा सातवीत, मराठी माध्यम. तोंडी विचारा, आग्र्याहून सुटकेपासून आयपीएलच्या पॉइंट टेबलपर्यंत सगळं घडाघडा सांगतो. वही उघडली की वेलांट्या गायब, जोडाक्षरं उलटी, ३६ चे ६३. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) तपासणी करून घ्या, निघालंच तर दहावीला वाढीव वेळ, लेखनिक वगैरे मिळेल.

दिवाळीआधी घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथे मालिनची चाचणी मराठीतून घेतली. बुद्ध्यांक १०९. शाळेने रिपोर्ट परत पाठवला, का तर सही करणाऱ्या मॅडमकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर नव्हता. मग जूनमध्ये दुसरीकडे, दुप्पट पैसे मोजून. तिथे वेक्सलर, चौथी आवृत्ती, इंग्रजीतून. बुद्ध्यांक ८८.

आठ महिन्यांत पोरगा एकवीस गुणांनी मठ्ठ झाला का?

सासऱ्यांचं किराणा दुकान आहे. दोन्ही कागद चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "माझ्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वजनमापेवाल्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. नाहीतर दंड. पोराचं डोकं मोजायच्या काट्याला शिक्का कोण मारतं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतेय.

परळ_व्हिलेज (११:५२)

सासरेबुवांना दंडवत. खुर्ची टाकून बसलोय.

मानसी_क्लिनिकल (बुधवार, सकाळी ७:१५)

सुनंदाताई, मुलगा मठ्ठ झालेला नाही. आधी ते डोक्यातून काढा. मी याच क्षेत्रात आहे, चौदा वर्षं. ओपीडीला निघण्याआधी जमेल तेवढं लिहिते.

बुद्ध्यांक हा उंची-वजनासारखा आकडा नाही. तो क्रमांक आहे, मुलांच्या एका रांगेतली जागा. चाचणी बनवणारे शेकडो मुलांना ती देऊन बघतात, त्यांच्या कामगिरीची सरासरी १०० धरतात आणि १५ गुणांच्या पायऱ्या आखतात. या तक्त्याला आम्ही नॉर्म्स म्हणतो, मराठीत मानके. तुमच्या मुलाचा आकडा त्या मुलांच्या तुलनेत असतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ती मुलं कोण आणि कधीची?

मालिनची चाचणी नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ साली वेक्सलरच्या मूळ अमेरिकी चाचणीवरून आपल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी बेतली. मूळ चाचणी १९४९ ची. त्या काळात हे फार मोठं काम होतं, आम्ही सगळे त्यावरच शिकलो. पण तिच्या रांगेतली मुलं आज आजी-आजोबा आहेत. जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत दर दहा वर्षांनी सरासरी कामगिरी साधारण तीन गुणांनी वर सरकत होती. भारतात तोच वेग धरावा असं मी म्हणणार नाही, पण मानकं जुनी असली की आजच्या मुलाचा आकडा फुगतो, हे कुणीही मान्य करेल. १०९ मध्ये ही फुगवटी आहे.

आता ८८. चाचणी नवी, पण इंग्रजीतून, आणि मुलगा मराठी माध्यमातला. शब्दार्थ, साम्य, आकलन हे उपविभाग भाषेवर उभे असतात. तिथे तो अडखळला तर बुद्धी कमी की इंग्रजी कमी, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. शिवाय कुठलाही बुद्ध्यांक हा एक टापू असतो, साधारण पाच गुण इकडे, पाच तिकडे. ८८ म्हणजे ८३ ते ९३ च्या दरम्यान कुठेतरी.

हे मुद्दाम सांगतेय, कारण एलडीच्या प्रमाणपत्रासाठी ८५ ची रेघ ठरलेली होती. अपंगत्व हक्क कायदा २०१६ खाली ४ जानेवारी २०१८ ला राजपत्रात ज्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत आधी बुद्ध्यांक बघायचा, तो ८५ च्या वर असेल तरच पुढे लेखन-वाचनाच्या चाचण्या, असा क्रम होता. मार्च २०२४ मध्ये सूचना सुधारल्या आहेत, तेव्हा रुग्णालयात सध्याची पद्धत विचारून घ्या.

शिक्क्याबद्दल रात्री लिहिते. लोकल चुकेल.

लालबागची_सुनंदा (सकाळी ८:०२)

मानसीताई, एवढं तर दोन्ही ठिकाणी कुणीच समजावलं नव्हतं. रिपोर्टमध्ये चाचणीचं वर्ष कुठेच छापलेलं नाही, आत्ता बघितलं.

फिंगरप्रिंट_गुरू (सकाळी १०:३०)

ताई, या सगळ्या जुन्या पद्धती. आमच्याकडे दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता, करिअर, शिकण्याची पद्धत सगळं ४० पानी रिपोर्टमध्ये. प्रश्न नाहीत, भाषा नाही, मुलाला ताण नाही. ठाणे, दादर, बोरिवली. व्यनि करा.

परळ_व्हिलेज (१०:३४)

आणि हाताच्या रेषा बघून लग्न कधी, तेही सांगा.

मानसी_क्लिनिकल (दुपारी १:२०)

डबा खाताखाता लिहितेय, म्हणून थोडक्यात. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता कळते याला वैज्ञानिक आधार नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने हे जाहीरपणे सांगितलेलं आहे. सुनंदाताई, एक रुपयाही देऊ नका.

संपादक (१:४५)

जाहिरातीचे प्रतिसाद या विभागात चालत नाहीत. वरचा प्रतिसाद संदर्भासाठी ठेवला आहे, पुढचे उडवले जातील.

गिरगावचे_मास्तर (दुपारी ३:१०)

वय ७९. बीएडला असताना बिने-कामत चाचणी हाताळली आहे, म्हणून लिहितो. मोबाइलवर टंकायला वेळ लागतो, घाई करू नये.

फ्रान्सच्या बिने यांची चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बसून आपल्याकडच्या मुलांसाठी बेतली. कानडी आणि मराठी बोलणारी मुलं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. १९३४ मध्ये त्यांचा निबंध विलायतेच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला, १९४० मध्ये ग्रंथ. म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुलासाठी मापाचा काटा नव्वद वर्षांपूर्वी आपण स्वतः घडवला होता. त्या वेळी मराठी मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

त्यात मानसिक वय काढायचं, प्रत्यक्ष वयाने भागायचं, शंभराने गुणायचं. आमचे प्राध्यापक म्हणायचे, ताजी भाजी आणि ताजी मानकं. भाची विशेष शिक्षिका आहे. ती सांगते, बिने-कामत अजून कपाटातून निघते. ऐकून अभिमान वाटावा की लाज, ठरत नाही.

मोटरमन_कल्याण_फास्ट (संध्याकाळी ५:५०)

ड्युटी संपवून वाचलं. आमच्याकडे काटा कुणाचा हे स्पष्ट आहे, म्हणून दोन ओळी.

रेल्वेत गाडी चालवायची तर सायको टेस्ट पास व्हावी लागते. ती लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्याच संशोधन संस्थेची. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत पाच भाग असतात. स्मरण, सूचनांप्रमाणे वागणं, अंतराचा अंदाज, एकाग्रता, आणि नजरेचा वेग. प्रत्येकात किमान ४२ टी-स्कोअर, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत काढलेले गुण. चारात शंभर मिळवा, पाचव्यात ४१ आला की घरी. कुठल्याच प्रवर्गाला सूट नाही. आता हे सगळं कॉम्प्युटरवर घेतात.

माझ्याबरोबर टेस्टला बसलेला एक मित्र नापास झाला, आमच्यात सगळ्यात हुशार. अंतराच्या अंदाजात गेला. तो आजही म्हणतो, टेस्ट फालतू होती. मी म्हणतो, मागे बारा डबे माणसं असतात रे.

उगाच_शंका (६:१५)

मोटरमनदादा, आदर आहे. पण आरडीएसओ स्वतःच बनवते, स्वतःच वापरते आणि चांगली आहे हेही स्वतःच ठरवते. परीक्षा घेणारा आणि पेपर तपासणारा एकच. हा शिक्का नव्हे.

मोटरमन_कल्याण_फास्ट (६:२२)

खरं आहे. पण निदान कुणाची कॉलर पकडायची ते तरी माहीत आहे. सुनंदावहिनींना ते पण नाही.

मानसी_क्लिनिकल (रात्री १०:०५)

सकाळचं अर्धं राहिलेलं. सासरेबुवांच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: कुणीही मारत नाही.

आपल्याकडे १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. त्याखाली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची केंद्रीय नोंदवहीत नोंदणी होते. शाळेने जो नंबर मागितला तो हा. नोंदणी नसताना व्यवसाय केला तर कलम १३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हो, हजारच. मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, त्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे कोण याची व्याख्या आहे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात बाकीचे मानसशास्त्रज्ञ आले, आरसीआयखालचे क्लिनिकल वगळून.

तिन्ही कायदे विचारतात, माणूस कोण? शिक्षण काय, नंबर आहे का? हातात काटा कुठला, तो किती सालचा, कुठल्या भाषेत तपासलेला, हे एकही विचारत नाही. मी नोंदणीकृत आहे म्हणून १९६९ ची मानकं माझ्या हातात आली की ताजी होत नाहीत.

आणि ज्या २०१८ च्या सूचनांबद्दल सकाळी लिहिलं, त्यांत बुद्ध्यांकासाठी चाचण्यांची नावं होती. मालिन किंवा वेक्सलरची तिसरी आवृत्ती. पहिली १९६९ ची, दुसरी अमेरिकेत १९९१ मध्ये निघालेली. २०१८ मध्ये भारतासाठी मानकीकरण केलेली चौथी आवृत्ती बाजारात होती, पण राजपत्रात तिसरी. सरकारने एकदा काट्याला हात घातला तो असा.

उगाच_शंका (१०:३१)

हेच म्हणायचं होतं. उद्या "राष्ट्रीय चाचणी प्राधिकरण" काढा. दिल्लीत इमारत, अध्यक्षांना लाल दिवा नाही तरी गाडी, आणि यादीत तीच मालिन, पुढची तीस वर्षं. कायद्यात चाचणीचं नाव घालणं म्हणजे तिला अमरपट्टा देणं. त्यापेक्षा नियम नसलेला बरा. जाणकार डॉक्टर निदान स्वतःच्या अकलेने नवी चाचणी तरी वापरेल.

मुलुंड_व्हाया_साओ_पाउलो (गुरुवार, सकाळी ९:४०)

शंकासाहेब, एक अनुभव सांगतो. २०१४ ते २०१८ ब्राझीलला होतो, कंपनीच्या कामाने. आपलं गाडीचं लायसन्स तिथे चालवून घ्यायचं तर डोळ्यांच्या तपासणीबरोबर मानसशास्त्रीय तपासणीही. मी हसलो होतो. अंधेरीला लायसन्स काढताना माझ्या मनात काय चाललंय ते कुणीही विचारलं नव्हतं.

एक बाई, साधं ऑफिस, भिंतीवर येशू. कागदावर खुणांच्या रांगाच रांगा, त्यातल्या ठराविक शोधून खोडायच्या, घड्याळ लावून. झाल्यावर मी सहज विचारलं, ही चाचणी परदेशी माणसाला लागू पडते का? बाईंनी वैतागण्याऐवजी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यांच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघीय परिषदेची एक यादी आहे, सातेप्सी म्हणतात. देशात वापरल्या जाणाऱ्या चाचण्या तिच्यात, आणि प्रत्येकीसमोर शेरा, अनुकूल किंवा प्रतिकूल. प्रतिकूल शेऱ्याची चाचणी व्यवसायात वापरली तर ती शिस्तभंगाची बाब. यादी कुणालाही बघता येते, माझ्यासारख्या परक्यालाही.

मग मी खोदत गेलो, सवयच आहे. मानसशास्त्रज्ञाचा व्यवसाय तिथे १९६२ च्या कायद्याने ठरला. ही तपासणीची पद्धत २००३ पासून. तुमच्या अमरपट्ट्याच्या मुद्द्यावर आता येतो. तिथे मानकांना मुदत आहे, १५ वर्षं. त्या आत नवा अभ्यास सादर केला नाही तर चाचणी यादीतून खाली उतरते. कितीही नावाजलेली असो.

वकील_फोर्ट (११:१०)

मुलुंडकरांच्या गोष्टीला एक शेपूट आहे. तिथे चाचण्यांची विक्री फक्त मानसशास्त्रज्ञांनाच करायची असा परिषदेचा नियम होता. २०२१ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने ती विक्रीबंदी घटनाबाह्य ठरवली. ज्ञानाला कुलूप घालता येत नाही, असा एकूण सूर. मानसशास्त्रज्ञ हवालदिल झाले, कारण प्रश्न आधीच फुटले तर चाचणी कुचकामी.

अवांतर: आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मन तपासण्याच्या तंत्रांवर मोठा निकाल दिला तो २०१० चा, सेल्वी विरुद्ध कर्नाटक. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही. तिथेही मुद्दा मुख्यतः व्यक्तीच्या हक्कांचा. बुद्ध्यांक चाचणीची मानकं जुनी आहेत म्हणून कुणी कोर्टाची पायरी चढायची असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, सेवेतली त्रुटी. पण सुनंदाताई, हा फुकटचा सल्ला आहे, त्याच किमतीचा समजा.

परळ_व्हिलेज (११:२५)

प्रश्न फुटायचं काय घेऊन बसलात. एसएसबीच्या (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या) क्लासवाल्यांकडे चित्र बघून गोष्ट लिहायचा सराव करून घेतात. सगळ्यांच्या गोष्टीत हिरो गावाला पुरातून वाचवतो.

बीकेसी_एचआर (दुपारी १२:४०)

कबुलीजबाब. आमच्याकडे उमेदवारांना व्यक्तिमत्त्वाची ती चार अक्षरांची चाचणी देतात, सोळा प्रकारांवाली. मी स्वतः देते. नंतर कळलं की ती छापणारी कंपनीच सांगते, नोकरभरतीसाठी वापरू नका. साहेबांना दाखवलं. म्हणाले, सगळेच वापरतात. जर्मनीत भरतीच्या चाचण्यांसाठी राष्ट्रीय मानक आहे, डीआयएन ३३४३०, कंपनीच्या फ्रँकफर्ट ऑफिसात सांगतात. सक्तीचं नाही, पण लोक पाळतात. आपल्याकडे सक्तीचं असलं तरी... जाऊ दे.

उगाच_शंका (१:१५)

मुलुंडकर, मुदतीची कल्पना आवडली, मान्य. पण हिशेब करून बघा. ब्राझीलमध्ये जवळजवळ सगळा देश एका भाषेत बोलतो. पोर्तुगीजमध्ये एकदा मानकं काढली की काम झालं. आपल्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा. हजारो मुलं, शहर-खेडं, मुलगे-मुली, प्रत्येक भाषेत, दर १५ वर्षांनी. पैसा कुणाचा?

आणि उद्या सकाळी १५ वर्षांची मुदत लावली तर काय होईल? मालिन बाद. मास्तरांची कामत बाद. उरली इंग्रजी वेक्सलर. म्हणजे सुनंदाताईंच्या मुलाला ज्या काट्याने ८८ दाखवलं, तोच एकटा अधिकृत. नियम कडक केला की मार पहिला मराठी माध्यमातल्या पोरालाच बसणार. मग यांना काय सांगायचं, थांबा, मानकं येताहेत, तोवर मुलाला सातवीतच ठेवा?

मानसी_क्लिनिकल (१:५०)

शंकासाहेब, तुमच्याशी सहमत व्हावं लागतंय, दिवस वाईट आहे.

हेच आमचं रोजचं दुखणं. समोर धारावीतला मुलगा बसलाय, घरी तमिळ, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. कुठला काटा लावू? मी बहुतेकदा भाषा न लागणारे भाग वापरते, शाळेच्या वह्या बघते, आईशी तासभर बोलते, आणि मग मत बनवते. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाची चाचणी-रूपांतराची तत्त्वं आहेत, २०१७ ची दुसरी आवृत्ती. त्यांचं सार एवढंच, की नुसतं भाषांतर म्हणजे रूपांतर नव्हे, नव्या भाषेत ती चाचणी तेच मोजते का हे पुराव्याने दाखवा. अमेरिकेतल्या तीन संघटनांची चाचण्यांची संयुक्त मानकं तर १९५४ पासून सुधारत आली आहेत, २०१४ ची आवृत्ती फुकट वाचायला मिळते. वाचायला मनाई नाही. आम्ही वाचतो, उसासा टाकतो आणि कपाटातून झेरॉक्स काढलेली उत्तरपत्रिका घेतो.

झेरॉक्सबद्दल बोलले, आता ऐकून घेईन.

गिरगावचे_मास्तर (३:३०)

सगळंच अंधारलेलं नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका मराठी मुलांसाठी कित्येक वर्षं चाचण्यांचं काम करते आहे. काटे घडवणारे हात आपल्याकडे आहेत.

विशेष_शिक्षिका_मुंबई (संध्याकाळी ४:४५)

मास्तरांची भाची मीच. मामांनी माझ्या कपाटाची चव्हाट्यावर चर्चा केली त्याबद्दल घरी बोलू.

सुनंदाताई, आकड्यांच्या मारामारीत मुलाची खरी अडचण बाजूला पडलीय. वाचन आणि लेखन. त्याचं मोजमाप मराठीतूनच व्हायला हवं, कारण तो मराठीत वाचतो. जोडाक्षर आणि वेलांटी या अडचणी इंग्रजीच्या चाचणीत दिसणारच नाहीत, तिथे त्या नसतातच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच केलाय, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी. तो पहिली ते पाचवीसाठी आहे, तुमचा मुलगा त्यातून निसटला. पण भारतीय भाषांसाठी असं काम होऊ शकतं याचा तो पुरावा. रुग्णालयात जाल तेव्हा एकच धरून बसा, लेखन-वाचनाची तपासणी मराठीत करा. आणि गेल्या तीन वर्षांच्या वह्या पिशवीत घालून न्या. वह्यांसारखी साक्ष नाही.

लालबागची_सुनंदा (रात्री ९:२०)

सगळ्यांचे प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ब्राझीलची यादी ऐकताना मान डोलवत होते, २२ भाषांपाशी आल्यावर गप्प झाले. मग दुकानातून चहापत्तीचं पाकीट घेऊन आले.

म्हणाले, "शिक्का राहू दे. यावर काय काय छापलेलं आहे बघ. कुणी बनवलं, कधी बनवलं, वजन किती, किंमत किती. हे न छापता मी पाकीट विकलं तर माझ्यावर केस. माल चांगला की वाईट ते सरकार सांगत नाही, पण घेणाऱ्याला तारीख तर दिसते. तुझ्या रिपोर्टवर तारीख कुठाय?"

उगाच_शंका (९:३३)

थांबा. हे होण्यासारखं आहे. ना प्राधिकरण, ना इमारत. रिपोर्टवर चार ओळी सक्तीच्या करायच्या: चाचणीचं नाव आणि आवृत्ती, मानकं कुठल्या वर्षीची, कुठल्या भाषेत घेतली आणि मुलाची भाषा कुठली, आणि एकट्या आकड्याऐवजी टापू. नोंदणीकृत लोक आरसीआयच्या हाताखाली आहेतच, एक परिपत्रक पुरे. २२ भाषांत मानकं यायची तेव्हा येवोत.

मी कशाला तरी पाठिंबा दिला याची नोंद व्हावी.

वकील_फोर्ट (९:५०)

नोंद झाली. आणि रिपोर्टवर १९६९ छापलेलं असेल तर कोर्टात माझंही काम सोपं होईल. सध्या ते वर्ष शोधण्यातच तारखा जातात.

मानसी_क्लिनिकल (१०:१५)

छापल्याने फुगवटी जात नाही, हेही लक्षात असू द्या. जुनी तारीख छापून जुनीच चाचणी वापरणारे वापरतीलच. पण माझ्याच हाताने "मानके: १९६९" टाइप करायची वेळ आली तर मी दोनदा विचार करेन, एवढं कबूल. पुढच्या रिपोर्टपासून चार ओळी घालते. परिपत्रकाची वाट कशाला बघू.

लालबागची_सुनंदा (पुढचा सोमवार, दुपारी २:०५)

अपडेट. दुसऱ्या क्लिनिकमध्ये परत गेले, चार प्रश्न कागदावर लिहून. आधी रिसेप्शनवर कपाळाला आठ्या, पण मॅडम चांगल्या निघाल्या. आत बोलावून उपविभागांचे आकडे समजावले, जे रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतेच, मी वाचलेच नव्हते. भाषेचा विभाग ८१. चित्रं, ठोकळे, आकृत्या यांचा विभाग १०६. बाकी दोन मधे. मॅडमनी पुरवणी लिहून दिली: चाचणी इंग्रजीत घेतली, मुलाचं माध्यम मराठी, एकत्रित आकडा जपून वाचावा.

मानसी_क्लिनिकल (२:३०)

८१ आणि १०६! हे आधी सांगितलं असतंत तर माझे दोन निबंध वाचले असते. एवढी दरी असताना त्यांचा मिळून ८८ काढणं म्हणजे एक पाय बर्फात, एक निखाऱ्यावर, आणि सरासरीने हवा छान. ती पुरवणी सांभाळून ठेवा, रुग्णालयात सगळ्यात वर लावा.

लालबागची_सुनंदा (२:४१)

रुग्णालयाची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. नंबर सकाळी सातला लावायचा म्हणे. तीन वर्षांच्या वह्या काढल्या, चौथीची एक सापडत नाही, ती बहुतेक रद्दीत गेली. सासरे दुकान बंद ठेवून सोबत येणार म्हणतात. मी त्यांना बाहेरच बसवणार आहे, नाहीतर आत जाऊन डॉक्टरांकडे तारीख मागतील.

परळ_व्हिलेज (२:४४)

बाहेर कसले बसवताय, आत पाठवा. आणि सासरेबुवांना इथे एक आयडी काढून द्या.